शिक्षा की शिक्षण? — परशा एकेवचा एक पाठ



नऊ आवचा रोजा, ज्याला आपल्या घरची जुनी माणसे बिरड्याचा सण म्हणत, तो संपला की सांत्वनाचे सात शब्बाथ सुरू होतात. त्यांतल्या दुसऱ्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये परशा एकेव वाचला जातो. या परशात, देवारीमच्या आठव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात मोशे रब्बेनू इस्राएल लोकांना सांगतात की बाप जसा आपल्या मुलाला वळण लावतो तसे परमेश्वर तुम्हांला वळण लावीत आहे, हे तुम्ही मनाशी ओळखून असा. वचन लहान आहे. परंतु आपल्या समाजात हे एकच वचन किती ठिकाणी आणि किती प्रकारे ऐकू येते, याचा विचार करा. कोणाचा धंदा बुडाला, कोणी आजारी पडले, कोणाच्या घरी मृत्यू झाला, की भेटायला आलेल्यांपैकी एकजण तरी म्हणतोच, “देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा पाहतो.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ऐकणारा मात्र पुष्कळदा मान खाली घालून गप्प राहतो. त्याला धीर मिळाला की त्याच्या जखमेवर मीठ पडले, हे आपण कधी विचारीत नाही. म्हणून आज या वचनाचा थोडा सावकाश अभ्यास करू या.

प्रथम शब्द पाहू. वळण लावणे किंवा शिस्त लावणे यासाठी इब्री भाषेत ‘मुसार’ हा शब्द आहे. ज्या धातूपासून ‘मुसार’ आला त्याच धातूपासून ‘यिसुरिम’ हाही शब्द आला, आणि यिसुरिम म्हणजे यातना, क्लेश. ज्यांनी उल्पानमध्ये इब्री शिकली त्यांना हे दोन शब्द दोन टोकांचे वाटतात. पण मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपल्या भाषेतही ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ एकाच धातूची लेकरे आहेत. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणे. मराठीत येता येता त्या शब्दाच्या हातात छडी आली. ‘धडा’ शब्दाचेही तेच. पुस्तकातला धडा वेगळा आणि ‘चांगला धडा शिकवीन’ म्हणणाऱ्याचा धडा वेगळा! तेव्हा वचन वाचताना आपण कोणता अर्थ घेतो, यावर सगळे अवलंबून आहे. तोरा कोणता अर्थ घेते हे त्या वचनाच्या मागच्या-पुढच्या ओळींत सापडते, आणि त्या ओळी आपण फारशा वाचीत नाही.

मागच्या ओळींत चाळीस वर्षांच्या रानातल्या प्रवासाची आठवण आहे. परमेश्वराने त्यांना भुकेची जाणीव होऊ दिली आणि मग मान्ना खायला दिला, जो त्यांच्या वाडवडिलांनीही कधी पाहिला नव्हता. त्यानंतर लगेच एक अगदी घरगुती गोष्ट सांगितली आहे. चाळीस वर्षांत त्यांच्या अंगावरचे कपडे विरले नाहीत आणि त्यांचे पाय सुजले नाहीत. वळण लावणाऱ्या बापाचे वचन यानंतर येते. म्हणजे हा बाप कसा? मुलाचा सदरा फाटला का, चालून चालून त्याचे पाय सुजले का, हे आधी पाहणारा. छडी घेऊन दारात उभा राहणारा बाप या अध्यायात नाही.

मग शिस्त ती कोणती? शेमोत पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तिचा तपशील आहे. प्रत्येकाने रोज माणशी एक ओमेर मान्ना गोळा करायचा. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, तो शब्बाथसाठी राखला तरी नासत नसे, आणि शब्बाथच्या दिवशी रानात काहीच सापडत नसे. सिनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळण्याआधीच या लोकांना शब्बाथ पाळायला शिकवले गेले, तेही प्रवचन करून नाही, भांडी आणि भूक यांच्या साहाय्याने. उद्याची चिंता उद्यावर सोपवायची, सहा दिवस झटायचे आणि सातव्या दिवशी हात आवरायचे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिसर देशात मालकाच्या हुकमावर काम केले, सुट्टी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना स्वतःहून थांबायला शिकणे सोपे गेले नसेल. काहीजण सातव्या दिवशीही टोपल्या घेऊन बाहेर पडलेच, असे तोरा स्पष्ट सांगते.

या शिस्तीचा आशीर्वाद काय असतो ते आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी अनुभवले आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून तेलाचा घाणा चालवणारे आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. त्यांच्याजवळ इब्री ग्रंथ राहिले नव्हते, प्रार्थना बऱ्याचशा विसरल्या होत्या. शेमा मात्र ओठांवर होता, मुलांची सुंता होत होती, आणि शनिवार होता. सहा दिवसांची कमाई हातात असताना सातव्या दिवसाची सोडून देणे गरीब तेल्याला परवडणारे नव्हते. तरी त्यांनी ती सोडली, आणि त्या एका सोडण्याने ते कोण आहेत हे ते स्वतः विसरले नाहीत आणि शेजाऱ्यांनाही विसरू दिले नाही. आज आपण या पत्रिकेची पाने उलटतो आहोत ती त्या बंद घाण्याच्या जोरावर, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता, हे वचन बोलणारे कोण आहेत? मोशे रब्बेनू. आणि ते कोणत्या स्थितीत बोलत आहेत? आदल्याच आठवड्याच्या परशात, वाएथहननमध्ये, आपण वाचलेले असते की त्यांनी यार्देन ओलांडून तो चांगला देश पाहू द्यावा म्हणून परमेश्वराची विनवणी केली आणि परमेश्वराने ती नाकारली. पुन्हा या गोष्टीविषयी बोलू नको, इथवर त्यांना सांगण्यात आले. मेरिवाच्या पाण्यापाशी जे घडले त्याची शिक्षा ते भोगत होते. म्हणजे शिस्तीचे हे वचन एका अशा माणसाच्या तोंडून आले आहे, ज्याच्या स्वतःच्या अंगावर ती शिस्त चालू होती, आणि ज्याने ती टळावी म्हणून प्रार्थनाही केली होती. प्रार्थना केली म्हणून त्यांचा विश्वास कमी ठरला नाही. दुःख दूर कर असे देवाला म्हणणे ही बंडखोरी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वाएथहननचा परशा पुन्हा वाचावा.

आणखी एक बारीक गोष्ट. मोशे रब्बेनू ऐकणाऱ्यांना म्हणतात की तुम्ही आपल्या अंतःकरणाने हे जाणून घ्या. चाळीस वर्षे सरल्यानंतर, यार्देनच्या काठी उभे राहून, ज्यांनी तो प्रवास केला त्यांनीच मागे वळून पाहायचे आहे. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, कडू पाण्यापाशी, तहानेने व्याकूळ झालेल्यांना मोशे रब्बेनूंनी हे वचन ऐकवले नाही. त्या दिवशी त्यांनी पाणी गोड केले.

आता तनाखातली दुसरी दोन वचने शेजारी शेजारी ठेवू. मिशलेच्या तिसऱ्या अध्यायात बाप मुलाला सांगतो की परमेश्वराची शिस्त झिडकारू नकोस, कारण परमेश्वर ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच बोध करतो. ईयोबच्या पाचव्या अध्यायात जवळजवळ तेच शब्द आहेत. सर्वसमर्थाची शिस्त झिडकारू नकोस, देव ज्याला बोध करतो तो मनुष्य धन्य. इब्रीत तर ‘मुसार’ आणि ‘झिडकारू नको’ हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. मग फरक कोठे आहे? ईयोबमधले शब्द एलिफाझ बोलतो. ईयोबाची गुरेढोरे गेली, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात मेल्या, अंगभर फोड उठले, तो राखेत बसून खापरीने अंग खाजवीत आहे, आणि हा मित्र त्याला सांगतो आहे की तू धन्य आहेस.

पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर काय म्हणतो? एलिफाझावर आणि त्याच्या दोन मित्रांवर आपला राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसे माझ्याविषयी नीट बोलला तसे ते बोलले नाहीत. वाचकहो, यावर थोडे थांबा. ईयोबाने देवाला जाब विचारला होता, जन्मदिवसाला शाप दिला होता. एलिफाझाने देवाची बाजू घेतली होती, आणि त्याचे शब्द मिशलेत शोभतील असे होते. तरी देवाला पटला तो ईयोब. वचन खरे होते, पण ज्या तोंडातून आणि ज्या घटकेला ते आले तिथे ते खोटे ठरले. मिशलेतला बाप आपल्या धडधाकट मुलाला पुढच्या आयुष्यासाठी तयार करतो आहे. एलिफाझ दहा मुले पुरलेल्या बापाला गप्प करू पाहतो आहे.

आमच्या ऋषितुल्य रब्बींनी हा फरक नुसता ओळखला नाही, त्याचा नियम करून ठेवला. बावा मेत्सिआ या ग्रंथात (५८ ब) शब्दांनी दुसऱ्याला दुखवण्याचे जे प्रकार निषिद्ध सांगितले आहेत त्यांत हा एक आहे: ज्याच्यावर क्लेश आले आहेत, जो आजारी आहे किंवा ज्याने आपली मुले पुरली आहेत, त्याच्याशी ईयोबाचे मित्र बोलले तसे बोलू नये. हा केवळ शिष्टाचार नव्हे. मालाच्या व्यवहारात फसवणे जसे तोराने मना केले आहे, तसेच हे मना आहे. मोएद कातान ग्रंथात (२८ ब) आणखी सांगितले आहे की समाचाराला गेलेल्यांनी, शोक करणारा आधी बोलल्याशिवाय तोंड उघडू नये. हेही त्याच मित्रांवरून शिकले गेले. कारण पहिले सात दिवस ते तिघे ईयोबाजवळ जमिनीवर गप्प बसून होते, आणि तेवढे त्यांनी फार चांगले केले होते. बोलू लागले तिथे बिघडले.

तर मग देवाच्या शिस्तीत आशीर्वाद आहे हे म्हणायचेच नाही का? म्हणायचे आहे, पण प्रत्येकाने आपल्यापुरते. बेराखोत ग्रंथाच्या पाचव्या पानावर याची मोठी चर्चा आहे. माणसावर क्लेश आले तर त्याने आपल्या स्वतःच्या वर्तनाची तपासणी करावी. काही सापडले तर सुधारावे. काही सापडले नाही तर तोराच्या अभ्यासात आपण कमी पडलो का, ते पाहावे. तेही नसेल तर हे ‘प्रेमाचे क्लेश’ आहेत असे समजावे, आणि इथे मिशलेचे ते वचन आधाराला घेतले आहे. यात तपासणारा आणि तपासला जाणारा एकच आहे, दोन माणसे नाहीत. शिवाय एक अट घातली आहे: क्लेश मनापासून स्वीकारले तरच ते प्रेमाचे. जसे अर्पण देणाऱ्याच्या राजीखुशीने व्हावे लागते, तसेच हे. दुसऱ्याच्या वतीने राजी होण्याचा अधिकार कोणालाच नाही.

त्याच पानावर रब्बी शिमोन बार योहाय म्हणतात की परमेश्वराने इस्राएलला तीन चांगल्या देणग्या दिल्या आणि तिन्ही क्लेशांतून दिल्या. तोरा, इस्राएल देश आणि येणारे जग. देशासाठी त्यांनी जो आधार दिला आहे तो आपल्या याच परशाचा. बाप मुलाला वळण लावतो, या वचनापाठोपाठ परमेश्वर तुला एका चांगल्या देशात नेत आहे, हे वचन येते. ज्यांनी बोटीने वा विमानाने येऊन डिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद अशा ठिकाणी पहिली वर्षे काढली, मुंबईत कचेरीत बसून हिशेब लिहिणाऱ्या ज्या हातांनी इथे कारखान्यात पाळी केली, ज्यांची इब्री अडखळली की दुकानदार तोंड फिरवी, त्यांना या दोन वचनांमधले अंतर किती असते हे रब्बी शिमोनांकडून शिकण्याची गरज पडू नये.

यानंतर तल्मूद ज्या कथा सांगतो त्या आम्हांला साऱ्या चर्चेपेक्षा मोलाच्या वाटतात. तिसऱ्या शतकात तिबेरियाला रब्बी योहानान नावाचे थोर गुरू होते. त्यांना दहा मुलगे झाले आणि दहाही गेले. दहाव्याचे एक बारीकसे हाड ते जवळ बाळगीत. असा माणूस दुसऱ्याच्या दुःखात बोलायला सर्वांत अधिकारी, असे आपण म्हणू. त्यांचे एक शिष्य, रब्बी हिया बार अब्बा, आजारी पडले तेव्हा रब्बी योहानान त्यांना भेटायला गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: हे क्लेश तुला प्रिय आहेत का? शिष्याने सांगितले की क्लेशही नकोत आणि त्यांचे फळही नको. पुढे काय झाले असेल? गुरूंनी त्याला उपदेश केला नाही, तुझी श्रद्धा कमी आहे असे म्हटले नाही. हात दे, म्हणाले, आणि त्याला हात धरून उठवले.

पुढे रब्बी योहानान स्वतः आजारी पडले. तेव्हा रब्बी हनिना आले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि रब्बी योहानान यांनी तेच उत्तर दिले: हेही नको आणि याचे फळही नको. रब्बी हनिनांनी त्यांना हात देऊन उठवले. यावर तल्मूद विचारतो की दुसऱ्याला उठवणाऱ्याने स्वतःला का उठवले नाही? आणि उत्तर देतो की कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

तिसरी कथा रब्बी एलाझारची. हे बाबेलहून इस्राएल देशात आलेले, म्हणजे आपल्या भाषेत ओले, आणि फार गरीब. रब्बी योहानान आले तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत पडून होते. रब्बी योहानान अतिशय देखणे होते. त्यांनी दंडावरचे वस्त्र बाजूला केले तेव्हा खोलीत उजेड पडला आणि एलाझार रडताना दिसले. गुरूंनी विचारले, का रडतोस? तोराचा अभ्यास कमी झाला म्हणून? थोडा केला काय, जास्त केला काय, मन देवाकडे असले म्हणजे झाले. पैसा नाही म्हणून? दोन्ही सुखे सर्वांना मिळत नाहीत. मुले नाहीत म्हणून? हे बघ माझ्या दहाव्या मुलाचे हाड. तीन प्रश्न आणि तिन्हींची उत्तरे त्यांनीच दिली. थोर गुरूही घटकाभर एलिफाझाच्या वाटेला लागले की काय, असे वाचताना आमच्या मनात येते. पण एलाझारने सांगितले की मी रडतो ते तुमचे हे सौंदर्य एक दिवस मातीत मिळेल म्हणून. तेव्हा मात्र रब्बी योहानान म्हणाले की त्यासाठी रडणे योग्यच आहे, आणि दोघेही रडले. मग तो प्रश्न, तेच उत्तर, आणि हात.

तिघेही थोर विद्वान होते, तिघांनाही प्रेमाच्या क्लेशांची शिकवण तोंडपाठ होती, आणि तिघांनीही विचारले असता नको म्हटले. ही शिकवण आणि या कथा तल्मूदने एकाच पानावर ठेवल्या, हे आम्हांला मोठे शहाणपणाचे वाटते.

मागे वळून पाहून स्वतःच्या क्लेशाला स्वतः अर्थ देणे म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला आपल्याला तिबेरियाला जाण्याचे कारण नाही. सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना इंग्रज सॅम्युअल इझिकेल म्हणत, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कैद झाले. जिवंत सुटलो तर देवाचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी कैदेत केला, असे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. मुंबईतले ते पहिले सिनेगॉग. आपले लोक त्याला जुनी मशीद म्हणत. त्याचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. कैदेतून सुटलेल्या माणसाने बांधलेल्या देवळाला द्वार हा शब्द लागावा, हे आम्हांला फार शोभून दिसते. त्या कैदेत आशीर्वाद होता असे कोणी तुरुंगाच्या भिंतीबाहेरून सांगितले असते तर ते क्रूर झाले असते. ते सांगण्याचा हक्क एका सामाजींचा, आणि त्यांनी ते शब्दांनी न सांगता दगडविटांनी सांगितले.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. माणसाने माणसावर केलेला अन्याय, तीही देवाची शिस्तच का? १९६२ पासून इस्राएलमध्ये आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी आपल्या वंशाविषयी शंका काढल्या गेल्या. ज्यांनी शनिवारच्या बंद घाण्याने धर्म राखला त्यांच्या नातवंडांना, तुमच्या आज्या-पणज्या कोण, असे विचारण्यात आले. तेव्हा हे सोसावे, देव परीक्षा पाहत आहे, म्हणून गप्प बसायचे होते का? आपल्या लोकांनी तसे मानले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेमला धरणे धरले, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटमध्ये हा प्रश्न निघून, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असे जाहीर झाले. आमच्या मते ते धरणे हेही धर्माचेच काम होते. फारो देवाचा शिक्षक होता असे तोरा कोठे म्हणत नाही.

पण मिसरच्या दुःखातून काय शिकायचे, हे मात्र ती सांगते, आणि तेही याच परशात. दहाव्या अध्यायात म्हटले आहे की परक्यावर प्रेम करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. शिक्षण हे आहे. १९८४-८५ साली इथिओपियाहून आपले बांधव या देशात आले. त्यांच्याही यहुदीपणाविषयी प्रश्न निघाले आणि १९८५ साली त्यांनाही जेरुसलेमला धरणे धरावे लागले. त्यांचे मन सर्वांत आधी कोणाला कळायला हवे होते? आपल्याला. आपल्यापैकी ज्यांना कळले त्यांना १९६४ साली शिकलेला धडा उपयोगी पडला. ज्यांनी मात्र शेजारच्या इमारतीतल्या नव्या कुटुंबाकडे पाहून तोंड वाकडे केले, त्यांनी सोसले पुष्कळ, पण सोसण्याचा उपयोग काय झाला?

आणि हाच या आठव्या अध्यायाचा खरा रोख आहे. शिस्तीची परीक्षा कधी होते? आपण समजतो की संकटात. मोशे रब्बेनू म्हणतात, भरभराटीत. तू खाशील, तृप्त होशील, चांगली घरे बांधून राहशील, गुरे, सोने, रुपे वाढेल, आणि मग तुझे मन चढून जाईल, आणि हे सारे माझ्याच हाताच्या बळाने मिळवले असे तू मनात म्हणशील. रानात तसे कोणी म्हणू शकत नव्हते. मान्ना कोणी पिकवला नव्हता. धोका पुढेच होता, गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि खजुराचा मध यांच्या देशात.

आपण आज त्या देशात आहोत. पहिल्या वर्षांची ओढाताण बहुतेकांची संपली. मुले शिकली, फौजेत गेली, घरे झाली, नातवंडे आपल्यापेक्षा सफाईने इब्री बोलतात. स्वतःच्या वर्तनाची तपासणी करायची ती आता. आम्हांला असे सुचवावेसे वाटते की प्रत्येकाने कठीण दिवसांतली एक तरी सवय आठवून पाहावी. त्या दिवसांत शेजारणीकडून वाटीभर डाळ आणताना संकोच वाटत नसे आणि देतानाही मोजली जात नसे. शब्बाथला कोणाच्या तरी घरी दहाजण जमवून, मिन्यान पुरे करून प्रार्थना होत असे, कारण आपले सिनेगॉग अजून उभे राहिले नव्हते. त्यातले काय टिकले? ज्याचे त्याने पाहावे. दुसऱ्याचे पाहू नये, एवढे वर सांगून झालेच आहे!

या शब्बाथचा हफ्तारा येशायाहूच्या एकोणपन्नासाव्या अध्यायातून सुरू होतो, आणि त्याची सुरुवात तक्रारीने होते. सियोन म्हणते की परमेश्वराने मला सोडले, तो मला विसरला. परमेश्वर तिला गप्प बस म्हणत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला आई विसरेल का, असे उलट विचारतो. आणि एखादी विसरली तरी मी विसरणार नाही, असे सांगतो. परशात वळण लावणारा बाप, हफ्तारात दूध पाजणारी आई. दोन्ही एकाच सकाळी वाचायचे, हा क्रम ज्यांनी लावला त्यांना आपल्या मनाची चांगलीच माहिती होती.

राहता राहिला ‘आशीर्वाद’ हा शब्द. या अध्यायात तो दहाव्या वचनात येतो, आणि तिथे आशीर्वाद देणारा देव नाही, माणूस आहे. खाऊन तृप्त झालास म्हणजे परमेश्वराला धन्यवाद दे. जेवणानंतरचे बिरकात हमाझोन आपण या वचनावरून म्हणतो. भूक, मान्ना, शिस्त, देश, जेवण, आणि मग आशीर्वाद, तोही माणसाच्या तोंडचा. बेराखोत ग्रंथात (२० ब) एक गोड संवाद आहे. देवदूत परमेश्वराला विचारतात की तू इस्राएलला झुकते माप का देतोस? परमेश्वर म्हणतो, का देऊ नये? मी तोरात लिहिले की पोट भरल्यावर धन्यवाद द्या, आणि हे तर जैतुनाच्या फळाएवढा, अंड्याएवढा घास खाल्ला तरी धन्यवाद देतात. हे भुकेल्या माणसांनीच घालून घेतलेले वळण असणार. आपल्याकडे एलियाहू हनाबीच्या मलिद्याच्या ताटापुढे बसून, पोहे, खोबरे, खजूर आणि फळे यांवर एकेक बेराखा म्हटल्याशिवाय कोणी हात पुढे करीत नाही, तेही त्याच घराण्यातले वळण.

येत्या शब्बाथला जेवणे आटोपल्यावर हा आठवा अध्याय घरात मोठ्याने वाचावा. वीसच वचने आहेत. नातवंडांनी इब्रीतून वाचावीत, आजीआजोबांनी मराठीतून अर्थ सांगावा, आणि पाचव्या वचनापाशी थांबून घरातल्या वडील माणसांना विचारावे की इथे आल्यावर पहिल्या वर्षी काय काय झाले. त्यांना सांगायचे असेल तेवढेच त्यांना सांगू द्यावे. मग बिरकात हमाझोन म्हणावे.